करूळ घाट, पाय न टेकता

बाबा, परवा आम्ही दोघं करूळ घाटात गेलो होतो, मी आणि तुमचा तो उतरलेला मुलगा. सायकली घेऊन. वैभववाडीहून करूळने वर गगनबावडा आणि भुईबावड्याच्या घाटाने परत खाली वैभववाडी, म्हणजे तोच फेरा, जो पाय न टेकता मारल्याचं तुम्ही कट्टा गावच्या बाजारात, आपल्या सायकलच्या दुकानासमोर उभं राहून जन्मभर सांगितलात. ऐकणाऱ्याला वाटावं, सह्याद्री तुमच्याच हातचा. आता तो रस्ता काँक्रीटचा झालाय आणि रविवारी तिथे कोल्हापूरची, गोव्याची माणसं अंगाला चिकटलेले कपडे घालून चढत असतात. मागून त्यांची गाडी केळी आणि पाणी घेऊन येते. वर पोचली की सायकल डोक्यावर उचलून फोटो काढतात. तुमच्या एवढ्या मोठ्या पराक्रमाचं हे असं झालंय, आणि मला ते बघून बरं वाटलं, हे आधीच सांगून टाकते.

तुमच्या लेखी जगात माणसं दोनच प्रकारची. चढावर सायकलवरून उतरणारी आणि न उतरणारी. कोण आजारी आईचं करतो, कोण बायकोवर हात उचलतो, याच्याशी तुम्हाला काही कर्तव्य नव्हतं. भाड्याची सायकल घेऊन गिऱ्हाईक दुकानातून बाहेर पडलं की वाकड्या चाकाचा आउट काढता काढता तुम्ही निकाल द्यायचात, "बरो आसा, पण उतरता." शाळेचे हेडमास्तर उतरायचे, म्हणून तुम्ही त्यांना कधी सर म्हटलं नाहीत. बाजारातला एक दारुडा घरातली भांडी विकून प्यायचा, पण चढावर उतरत नसे, तर त्याच्यासाठी तुम्ही बाकडं पुसायचात. माझ्या वेळी पोटुशी असताना आईला कॅरिअरवर बसवून माहेरी नेत होतात, तिला मळमळायला लागलं, जरा थांबा म्हणाली, तर चढ संपेपर्यंत थांबला नाहीत. हे तिने मला स्वयंपाकघरात नारळ खवताना सांगितलं, अगदी सहज. वर म्हणाली, "थांबले असते तर चढ काय पळान जाणार होतो?" तुमच्या सगळ्या तत्त्वज्ञानावर याहून जास्त बोलण्यासारखं काही नाही, पण मी बोलणार आहे.

भाऊ दहावीची परीक्षा देऊन मोकळा झाला त्या उन्हाळ्यात तुम्ही ठरवलंत, झिलाला घाट दाखवायचा. त्याला विचारलं नाहीत. मी कॉलेजात होते, दुकानातल्याच सायकलवर सड्याच्या उघड्या माळावर जाऊन एकटीने शिकले होते आणि भावापेक्षा बरी चालवत होते. मी विचारलं, "मी सायकलीन येव?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "तू सायकलीन इलंस तर डबो कोण हाडीत?" म्हणजे मी यष्टीने गगनबावड्याला पुढे जायचं आणि घावन-चटणीचा डबा घेऊन स्टँडवर तुमची वाट बघायची. मी गेलेही. नाही म्हणायची रीत नव्हती आणि मला घाट तरी बघायचा होता.

गाऱ्हाणं घालण्यात तुमचा हात धरणारा गावात कोणी नव्हता. कोणी मुंबईला निघालेला असो, कोणाची म्हैस अडलेली असो, नारळ पुढे ठेवून देवाशी बोलायला माणसं तुम्हाला बोलवायची. त्या पहाटे तुम्ही दुकानासमोर नारळ ठेवलात. दूधवाला, चहावाला, यष्टीला आलेली माणसं, सगळी हात जोडून उभी राहिली. "बा देवा म्हाराजा, बारा राठीच्या म्हाराजा, आज ह्यो माझो झील घाट चढाक जाता हा. मध्ये तेचो पाय जमनीक लागाक देव नको रे म्हाराजा." "होय म्हाराजा," आम्ही सगळे म्हणालो. मीही म्हणाले. भाऊ तेवढा गप्प होता. तो चपलेने मातीत रेघोट्या मारत होता.

मग सायकली मालवण-कोल्हापूर यष्टीच्या टपावर चढल्या, वैभववाडीला तुम्ही दोघं उतरलात आणि मी त्याच गाडीने वर गेले. गगनबावड्याच्या स्टँडवर मी किती वेळ बसले ते आता आठवत नाही, पण डब्याला मुंग्या लागायला लागल्या होत्या. मग तुम्ही आलात. एकटे. शर्ट घामाने अंगाला चिकटलेला, चेहरा देवळातून बाहेर आल्यासारखा. मी विचारायच्या आधीच म्हणालात, "तो उतरलो. येतलो मागसून." आणि डबा उघडलात. आपल्या वाटणीची घावनं खाल्लीत, मग त्याच्याही वाटणीची खाल्लीत. मी समोर बसून बघत होते. वडील म्हणून तुमच्यावर चिडायला मला पुढे बरीच कारणं मिळाली, पण माझ्या मनातून उतरलात ते त्या घावनांपायी.

भाऊ आला तो माशाच्या ट्रकातून. सायकल मागे बर्फाच्या पेट्यांवर टाकलेली, अंगाला बांगड्यांचा वास, डोळे लाल. तुम्ही त्याच्याकडे बघितलं नाहीत. सायकलवर बसलात आणि भुईबावड्याकडे निघून गेलात. आम्ही भावंडं यष्टीने घरी आलो. पुढच्या सोमवारी तुम्ही पुन्हा दुकानासमोर नारळ ठेवलात, त्याला शेजारी उभा केलात आणि देवाची माफी मागितलीत. "पोरग्यान शब्द राखूक नाय, चूक पदरात घे रे म्हाराजा." आणि बाजार पुन्हा म्हणाला, होय म्हाराजा. त्या पोराने शब्द दिला कधी होता? शब्द तुमचा, पाय त्याचे. देवासमोर दुसऱ्याच्या पायांची हमी घेणारा आणि वर त्याच्याच नावाने माफी मागणारा माणूस मी तुमच्याशिवाय पाहिलेला नाही. त्यानंतर तुम्ही त्याला पान्याला हात लावू दिला नाहीत. कोणी विचारलं, झील सध्या काय करता, तर तुम्ही सांगायचात, "तो? तो उतरता." लोक हसायचे. तुम्ही हसायचा नाहीत, म्हणून ते जास्त लागायचं.

तुम्ही गेलात, दुकान बंद झालं, तिथे त्याने काजू-आंब्याच्या कलमांची रोपवाटिका काढली. ती चांगली चालते. माणूस गोल झालाय, हसरा आहे, पण सायकलीला त्याने पुन्हा हात लावला नाही. मी शाळेतून निवृत्त झाले आणि गुडघ्यांसाठी म्हणून सायकल घेतली, गिअरची. तुमच्या मते गिअर म्हणजे लबाडी, पण तुमच्या मतांची मुदत संपली. कसाल, कणकवली, तळेरे असं करत करत पाय मोकळे झाले आणि माझ्या डोक्यात बसलं की याला एकदा तो घाट चढवायचा. तुम्ही त्याच्या कपाळावर लिहिलेलं पुसून टाकायचं. मला दुसरं काही नको होतं. मी स्वतःला नवी घेतली, जुनी त्याला दिली आणि पावसाळा संपल्यापासून त्याला रोज पहाटे बाहेर काढलं. त्याने एकदाही कटकट केली नाही. घाटाचं नाव काढलं तेव्हा एवढंच म्हणाला, "बरां, जावया." मला वाटलं, बिचारा मन घट्ट करतोय.

परवा वैभववाडीत गाडी लावली आणि घाटाच्या पायथ्याशी त्याने पिशवीतून नारळ काढला. मला हसू आलं आणि जरा भीतीही वाटली. तो तुमच्यासारखाच उभा राहिला, फक्त पोट पुढे. "बा देवा म्हाराजा, आज ही म्हातारी भावंडां घाट चढाक इली आसत. तेंका चढाक मिळांदे. आणि खंय उतरूचा वाटला, तर सुखान उतराक मिळांदे रे म्हाराजा." आता समोर उभी राहिले म्हणजे म्हणायला हवंच. मी म्हणाले, होय म्हाराजा. थट्टा करतोय असं समजून म्हणाले.

तो चढला, बाबा. चांगला चढला. तुम्ही असतात तर तुम्हाला तोंड लपवायला जागा सापडली नसती. धापा टाकत, मध्येच एखादं गाणं गुणगुणत, ट्रक आला की हात दाखवत. वर दोन वळणं उरली होती. खाली सगळं कोकण धुक्यात होतं. आणि एका वळणावर कठडा दिसताच त्याने ब्रेक मारला, पाय टेकला, सायकल कठड्याला लावली आणि बसला. दम गेला नव्हता, पाय आखडला नव्हता. पिशवीतून शेंगदाण्याचे लाडू काढले. मी गोल गोल फिरत, पाय न टेकता, त्याला सांगतेय, "दोन वळणां रवली आसत, चल."

"रवांदेत," तो म्हणाला.

"उतरलंस ना शेवटाक," माझ्या तोंडून निघालं.

तो लाडू चघळत माझ्याकडे बघून हसला. "बाबा इले काय?"

मी आणखी एक गोल मारला. मग त्याने सांगितलं. त्या दिवशीही तो इथेच बसला होता. "माका वर जावचाच नाय होता गो. तेव्हाय नाय, आताय नाय. बाबा वळणापलीकडे गेले नि अशी शांतता झाली, काय सांगू तुका. ह्या वळणार बसाक मिळांदे म्हणान मी इलंय तुझ्याबरोबर."

"तू रडलं होतंस. डोळे लाल होते तुझे."

"कोण रडलो? ट्रकाच्या खिडकेतसून तोंड भायर काढून बसललंय, धूळ गेली डोळ्यात. ड्रायव्हरान बर्फाचो तुकडो दिलो होतो चघळाक. असो दिवस परत नाय इलो." आणि माझा चेहरा बघून समजुतीने म्हणाला, "तू होय म्हाराजा म्हणलंस मा? मगे?"

इतकी वर्षं मी त्याच्या वतीने तुमच्याशी भांडले. तुम्ही आजारी होतात तेव्हा औषधाची वाटी पुढे करताना मनात ती घावनं मोजत होते. तुमच्या बाराव्याला मी रडले नाही, तेही त्याच्यासाठी. आणि त्याने मला वकीलपत्र दिलेलंच नव्हतं. तो तर सुटला होता, त्याच दिवशी, त्याच कठड्यावर, बर्फ चघळत. मला त्याचा भयंकर राग आला. तो म्हणाला, "तू जा वर. मी खाली उतरान जेवण सांगतंय." मी त्याला तिथेच सोडून वर निघाले, एकदाही मागे बघितलं नाही.

ती दोन वळणं मी कशी चढले ते मलाच माहीत. उजवा गुडघा बोंबलत होता, मागून एक टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न देत होता, आणि उतरायला मला कोणाचीही बंदी नव्हती. वर तो चिकट कपड्यांचा जथा उभाच होता. त्यातला एकजण माझ्याकडे मोबाईल देत म्हणाला, "आजी, आमचा एक फोटो काढता का?" मी सायकल लावली आणि काढला. त्यांनी सायकली डोक्यावर धरल्या होत्या. आजी कुठून आली, कशी आली, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. मग भुईबावड्याच्या वळणांवरून ब्रेक दाबत खाली आले. त्या घाटाच्याही गोष्टी तुम्ही फार फुगवून सांगितल्यात. वैभववाडीच्या खानावळीत भाऊ माझं ताट मांडून बसला होता.

तर तुमच्याबद्दलचं माझं मत आहे तेच आहे. ते बदलावं म्हणून हे लिहायला घेतलेलं नाही. तुम्ही हेकट होतात, निष्ठुर होतात, आणि आपल्या दोन पायांपलीकडे तुम्हाला काही दिसत नव्हतं. पण एक गोष्ट परवापासून मला कोणाला तरी सांगायची आहे. भावाला सांगितली, तर म्हणाला, "मासे गार होतत, जेव." घरी येऊन नवऱ्याला सांगितली, त्याने गुडघ्याला लावायचं तेल आणून दिलं. दोघंही भली माणसं आहेत. म्हणून शेवटी हा कागद घेतला, जो कुठे धाडायचा नाही, आणि वरचं सगळं लिहीत बसले ते खरं म्हणजे एवढ्यासाठी. मी उतरले नाही, बाबा. खालपासून वरपर्यंत, एकदाही नाही. आणि हे ऐकून हातातलं काम बाजूला ठेवून ज्याने माझ्याकडे बघितलं असतं, असा माणूस मला तुमच्याशिवाय दुसरा कोणी आठवला नाही.