रेघ आलेली बाटली

३ ऑक्टोबर
निवृत्ती संपली. ताकाओका शहरातल्या भट्टीत चव्वेचाळीस वर्षं धातूचं ओतकाम केलेला माणूस घरी मुळा किसत बसत नाही. औषधाच्या दुकानाच्या कुरोइवाबाईंनी त्यांच्या पणजोबांच्या वेळची पोटदुखीच्या औषधाची बाटली दिली. काचेची. एकच उरलीय. दुकानाच्या शंभरीसाठी तशाच पाच कथलाच्या हव्यात, १५ नोव्हेंबरला. काम मी मागितलं नाही. फक्त तीनदा विषय काढला.
प्लॅन: आठवड्याला दोन. ऑक्टोबरअखेर मोकळा.

९ ऑक्टोबर
बाटली वाळूत दाबून साचा घेतला. बाटली उचलताना कड ढासळली. चार वेळा. वाळू कोरडी आहे.

१० ऑक्टोबर
वाळू ओली आहे.

१४ ऑक्टोबर, सकाळी ७
पहिलं ओतकाम. पळीची धार मध्येच तुटली, बाटलीच्या पोटावर आडवी रेघ आली. भूकंप असणार. रेडिओवर काही सांगितलं नाही, म्हणजे लहान असेल. बायकोला, कुनिएला, विचारलं, तुला जाणवला का. म्हणाली, जाणवला ना, तुमच्या कोपरापासून पुढे.
तिला ओतकामातलं काय कळतं. तीस वर्षं नुसतं पॉलिश केलंय.

२० ऑक्टोबर
दुसरी, तिसरी, चौथी परत मुशीत वितळवल्या. पहिली ठेवलीय, तुलनेला. कुनिए म्हणाली, अहो, डॉक्टरांकडे जाऊन येऊ, मी येते सोबत. म्हटलं, ऑर्डर संपल्यावर. म्हणाली, मग पळी तरी मी धरते. म्हटलं, लोक काय म्हणतील. म्हणाली, इथे लोक आहेत कुठे.
आजपासून भात काड्यांऐवजी चमच्याने. वेळ वाचतो.

२ नोव्हेंबर
बाटली फुटली. हातातून निसटली नाही. तळाला आधीचाच तडा असणार. फळीवरच तर पडली, तरी सात तुकडे. कुनिएनं वाळूत उडालेला एकेक वेचून रुमालात बांधला. बोलली असती तर बरं झालं असतं.

५ नोव्हेंबर
कुरोइवाबाईंकडे जाणार होतो. पाऊस.

८ नोव्हेंबर
पाऊस नाही. उद्या नक्की. काय बोलायचं ते पाठ केलंय: काच मुळातच कच्ची होती.

९ नोव्हेंबर
गेलो. बाईंनी चहा दिला. स्वतःचा कप काठोकाठ, माझा अर्धाच, काम दिलं त्या दिवशीही अर्धाच होता. म्हणजे त्यांना काम देतानाही माहीत होतं. पाठ केलेलं सगळं विसरलो. म्हणालो, हात थरथरतो, दोन वर्षं झाली. बाटली मी फोडली.
रुमाल उघडून त्यांनी तुकडे एकमेकांना जुळवून पाहिले. म्हणाल्या, तोकुजी-सान, आमची आजी रोज पुसायची हो ही. मग विचारलं, एखादी तरी ओतून झाली का. म्हटलं, एक आहे, रेघ आलेली. म्हणाल्या, तीच आणून द्या, आता तेवढाच आकार शिल्लक आहे.
माफ केलं असं काही म्हणाल्या नाहीत.

१२ नोव्हेंबर
आज मी सांगतोय आणि कुनिए लिहितेय. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पळी धरायची नाही म्हणाले. तिला अट घातली, मागची पानं वाचायची नाहीत. ती म्हणते, घाबरू नका, ऑक्टोबरपासूनचं एक अक्षर लागत नाही.