नायकाची तपासणी

३ जून, पहाटे.
शेजारच्या सुताराला चौथे अपत्य झाले. या गृहस्थाला फळी सरळ कापता येत नाही. प्रजोत्पादनात मात्र हात चांगलाच बसला आहे. मत्सर? छे. त्याच्या खांद्यावरचे बाळ माझ्या खिडकीतून दिसू नये, इतकीच अपेक्षा. खिडकी लावून घेतली. फटीतून दिसते.

५ जून.
हिने स्वहस्ते झबले शिवून नेले. सुताराच्या आईने झबले घेतले, "बस हो" म्हटले आणि बाळाला उचलून आतल्या खोलीत ठेवले. निपुत्रिक स्त्रीची दृष्ट लागते, हे गावाचे शास्त्र. घरी आल्यावर हिच्याऐवजी भांडी बोलली. संकल्प: या रूढीचे निर्दालन करणारी कादंबरी लिहिणे.

९ जून.
तीन प्रकरणे सिद्ध. नायिका वंध्या. नायक उदात्त, सहनशील, पेशाने मुख्याध्यापक. हिला वाचून दाखवले. हिने विचारले, नायिका इतक्या डॉक्टरांकडे जाते, मग नायक एकाकडेही का जात नाही? मी म्हटले, कथानकाची गरज.
"अहो, माझे सगळे रिपोर्ट चांगले आलेत. कथानकाला सांगा तेवढं."

१० जून.
शहरात जाऊन तपासणी करण्याचा दृढनिश्चय. रद्द. शाळेचे टाईमटेबल करायचे आहे.

१३ जून.
पुन्हा दृढनिश्चय. रद्द. बस लागते.

१५ जून.
सुताराने ओट्यावर चारचौघांत सांगितले, थोरल्याच्या आधी तो स्वतः कित्येक वर्षे औषधे घेत होता. "दोष माझ्यातच होता, गुरुजी. लाजायचं काय त्यात?" हिने त्याच्याकडे ज्या आदराने पाहिले, तसे माझ्याकडे लग्नातही पाहिले नव्हते. निर्लज्जपणातही हा माझ्यापुढे. उद्या पहिली बस.

१६ जून.
गेलो. बस लागली.

२० जून, दुपारी, शहरातून परतताना.
रिपोर्ट मिळाला. न्यून नायकात. ही खिडकीबाहेर बघते आहे. चौथ्या प्रकरणाचा बेत आमूलाग्र बदलणार: नायक भर चौकात सत्य उच्चारतो. मीही उच्चारणार. आजच.

२० जून, सायंकाळी.
सुताराची आई कुंपणाशीच बाळाला घेऊन उभी. काय म्हणाले डॉक्टर, असे तिने विचारले. मी कंठ साफ केला. हिने माझ्याकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. 'दोष' म्हणावे की 'न्यूनता', या शब्दनिवडीत मी गुंतलो होतो. अखेर हीच म्हणाली, "माझ्यातच आहे हो, आजी."
आजी चुकचुकत बाळाला घेऊन आत गेल्या. ही कुलूप उघडायला निघून गेली.
'न्यूनता' अधिक चपखल, असा निर्णय मी फाटकाशी एकट्यानेच घेतला.