नेतेबाईंच्या मागची जागा

सोमवार, ३ मार्च
ग्वेन प्रोबर्टवर मी जळत नाही. हे आधीच लिहून ठेवतो. तिला ब्रिटिश संसदेत निवडून येऊन जेमतेम दोन वर्षं झाली, मला एकोणीस. तरी दर बुधवारी पंतप्रधानांच्या प्रश्नोत्तरांत, टीव्हीवर आमच्या नेत्या मार्जोरीबाईंच्या खांद्यामागे दिसते ती हीच. आम्हा विरोधकांच्या छाया मंत्रिमंडळात परिवहन खातं रिकामं झालंय. शुक्रवारी नेमणूक. बाई डोळ्यांसमोरच्यालाच उचलतात.
संकल्प: या बुधवारी ती जागा माझी.

मंगळवार, ४ मार्च
आरशासमोर मान डोलावण्याचा सराव. बाईंच्या दर वाक्याला दोनदा, ठामपणे. हिलरी म्हणाली, अरे, मानेत उसण भरेल, आधी चहा घे. बायकोला राजकारण कळत नाही.

बुधवार, ५ मार्च, सकाळी ८.०५
सभागृह उघडताच बाईंच्या मागच्या बाकावर, जागा राखण्यासाठी, माझं प्रार्थनेचं कार्ड खोचलं. मिनिटभरात ग्वेन आली. हसून म्हणाली, क्लेमंट, आज बाजी मारलीस की! हसू खोटं होतं.

११.४०
प्रार्थनेला हजर राहिलो, जागा पक्की. सगळ्यांसारखा भिंतीकडे तोंड करून उभा होतो, पण लक्ष ग्वेनकडे. ती खरंच प्रार्थना करत होती. काय हा दिखाऊपणा!

दुपारी १
एकाही वाक्याला चुकलो नाही.

संध्याकाळी ५
तीच तर अडचण झाली. ग्वेन कुठे बसलीय ते बघत होतो, त्यात बाई कधी खाली बसल्या कळलंच नाही. पंतप्रधान म्हणाले, यांच्याकडे धोरण नाही. मी मान डोलावली. म्हणाले, यांच्या नेत्यांवर यांच्याच माणसांचा विश्वास नाही. पुन्हा डोलावली. ठामपणे. तो तुकडा आता फोनोफोनी फिरतोय. आमचा खाटीक हिलरीला म्हणाला, एकोणीस वर्षांत तुमचा नवरा पहिल्यांदा खरं बोलला, तेही तोंड न उघडता.

गुरुवार, ६ मार्च
बाईंना माफीचं पत्र. चार ओळी माझ्या मानेबद्दल, तीन पानं ग्वेनच्या अननुभवाबद्दल.

शुक्रवार, ७ मार्च
परिवहन ग्वेनला.
पक्षाचा प्रतोद डंकन याने बोलावून सांगितलं, की बाई मला कायमचं शेवटच्या बाकावर पाठवणार होत्या. ग्वेन अडून बसली. म्हणे, बसगाड्यांची क्लेमंटइतकी माहिती इथे कोणाला आहे? त्याला माझ्या हाताखाली द्या. मी विचार करायला वेळ मागितला. चार सेकंद पुरले.
चांगुलपणातही तीच पुढे. हे मात्र सहन होत नाही.
आता ती बाईंच्या शेजारी बसणार, मी तिच्या मागे. ती बोलेल तेव्हा दर वाक्याला मान डोलावायची, असं डंकनने दोनदा बजावलं.
हिलरी शेकायची पिशवी घेऊन आली. मानेवर ठेवून गेली.