नखाएवढे दगड

४ नोव्हें.
टेबलावरच्या मॉडेलात रूळ बसले, फलाट झाला. आता जुन्या मीटरगेज स्टेशनामागची दगडी भिंत. प्लास्टर ओतून वर रेघा मारल्या. रहीम मिस्त्री जवळा बाजार गावाहून भेटायला आले होते. चाळीस वर्षं दगड घडवलेला माणूस. भिंतीवरून बोट फिरवलं. "बाबू, ही भिंत न्हाई, पापड हाय."

७ नोव्हें.
मिस्त्री पिशवीत काळा दगड घेऊन हजर. बारीक छिन्नी, हातोडी. नखाएवढे तुकडे घडवून राहिले. खालचा थर मी लावला, त्यांनी चारदा उखडायला लावला. "सांध्यावर सांधा येऊ देऊ नका!" माझी बायको सरोज गेल्यापासून इतका हसलो नव्हतो.

१२ नोव्हें.
पाच थर. खोलीभर करडी धूळ. पंखा लावला की रंगाची भुकटी उडते, म्हणून बंदच. मिस्त्रींना खोकला.

१३ नोव्हें.
जुबेदाभाभींचा फोन. मिस्त्रींच्या फुप्फुसांत दगडाची धूळ बसलीय. आता दगडाला हात लावायचा नाही, असं नांदेडच्या डॉक्टरांनी मागंच बजावलेलं. मला माहीतच नव्हतं. "घरात कुणाचं ऐकून न्हाई राहिले. तुमी सांगा." सांगतो म्हणालो.

१५ नोव्हें.
नाही सांगितलं.
रुळांखालच्या मोरीची कमान आज लावायची होती. एकट्याला जमली नसती. तोंडाला रुमाल बांधा, एवढंच म्हणालो. "चष्म्यावर वाफ येते," म्हणाले, रुमाल काढून टाकला. मी पुन्हा बोललो नाही.
कमान झाली. सुरेख झाली. लिहिताना लाज वाटते.

१९ नोव्हें.
दगड घासता घासता मिस्त्री खाली बसले. ओठ निळे. रिक्षातून दवाखाना, तिथून नांदेड. भाभी आल्या. "तुमी बोलले होते ना त्यांना?"
मी मान

२३ नोव्हें.
मिस्त्री अजून नांदेडलाच. खोली पुसली. फडकं किती वेळा पिळलं तरी पाणी काळंच. भिंतीकडं बघवत नाही.

२ डिसें.
मिस्त्रींना घरी सोडलं. एसटीनं गेलो. भाभींना ओसरीतच गाठून खरं सांगितलं, की तुमचा फोन आल्यावरही मी त्यांना काही बोललो नाही, त्या दिवशी मान हलवली ती खोटी. त्यांनी हातातली परात खाली ठेवली. मग, "काहून?"
"कमान राहिली होती."
हेच तोंडातून निघालं. त्या चुलीकडं गेल्या. चहा आला नाही.
आत मिस्त्री खाटेवर, नाकात ऑक्सिजनची नळी. मला बघून उठायला लागले. "वरचा थर बाकी हाय ना? सोमवारी येऊन राहिलो."
"नका येऊ, मिस्त्री. दगड बंद."
दम लागला होता. थांबून थांबून म्हणाले, "मंग दिवसभर काय करू, बाबू?"
बसची वेळ झाली म्हणून उठलो. बस यायला अजून तास होता.