मागची खुर्ची

१२ मार्च २०२४, मंगळवार

तीन वर्षं. न्यायाधीशबाईंनी पाण्याचा घोट घेतला आणि सांगून टाकलं. दोन वर्षांच्या आतली शिक्षा असती तर देवेशला प्रांताच्या तुरुंगात, इथे एडमंटनजवळ ठेवलं असतं. आता फेडरल, केंद्र सरकारचा तुरुंग. गाडीने तीन तास.

नेताना त्याने मागे वळून बघितलं — गौरांगीकडे, स्वतःच्या बायकोकडे नाही, माझ्याकडे. कठड्यापलीकडून वाकला. मी थोरला, नमस्कार करायला वाकला. शेरिफने दंड धरून सरळ उभा केला. नमस्कारसुद्धा करू देत नाहीत!

डिसेंबरातली संध्याकाळ, रस्त्यावर बर्फ. देवेशचा ट्रक पलीकडच्या लेनमध्ये गेला, ड्युटीवरून घरी निघालेली एक नर्स गेली. फोन चालू होता म्हणे. कुणाचा नसतो? गुन्हा कबूल केला तो वकिलाच्या सांगण्यावरून. माझा भाऊ खुनी नाही.

२ एप्रिल

देवेशच्या तारखांचा कागद आला. बेसमेंटमधून गौरांगी वर आली आणि वाचून दाखवला. शिक्षेचा तिसरा हिस्सा भोगला की, म्हणजे पुढच्या मार्चात, पॅरोलवर सुटता येतं — बोर्डाने दिला तर. दोन हिस्से झाले की, मार्च २०२६ ला, कायदाच बाहेर सोडतो, देखरेखीखाली. पूर्ण शिक्षा संपते २०२७ ला.

मग कोर्टात तीन वर्षं म्हणाले ती कसली? आणि पहिल्या तारखेपासून दुसऱ्या तारखेपर्यंतचं अख्खं वर्ष कुणाच्या तरी मर्जीवर!

देवेशची श्रावणी सहा वर्षांची आहे. बाबा यायला किती रात्री झोपायचं, म्हणून तिने विचारलं, "हाउ मेनी स्लीप्स?" गौरांगीने तिला पॅरोलची, पुढच्या मार्चातली तारीख सांगितली. पोरीने कॅलेंडरवर पर्पल गोल काढला. सांगायला नको होती.

१६ जून, रविवार

भेट. दारातच हात पुसून तो कपडा ड्रग्ज तपासायच्या मशीनमध्ये घालतात. माझ्या खिशात खडीसाखरेची पुडी निघाली. सकाळच्या नैवेद्याची, देवेशसाठी घेतलेली. गार्डने ती उजेडात धरली, दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. दोन तासांच्या भेटीतला पाऊण तास गेला. पुडी कचऱ्यात. 

देवेश वाळलाय. बसल्याबसल्या त्या नर्सचं काढलं. तिचं नाव मेरिअन, तिला तीन नातवंडं... मी थांबवलं. म्हटलं, हे बघ, तुझ्या हातून झालं, पण करणारा तू नव्हेस. तिची वेळ भरली होती, तू निमित्त झालास. एवढं मनात धर, झोप लागेल.

"हो, दादा," म्हणाला.

गुणी आहे. लहानपणापासून मला कधी उलट उत्तर दिलेलं नाही. चारचौघांत तर नाहीच.

१७ जून

जप करताना सारखी ती कचऱ्याची बादली दिसत होती.

२० नोव्हेंबर

तुरुंगातल्या पॅरोल ऑफिसरचा फोन आला. बाई आवाजाने मऊ. सुटल्यावर राहणार कुठे, काम कोण देणार, सगळं विचारलं. मग म्हणे, देवेशला 'इनसाइट' आहे का, आपण काय केलं ते त्याला उमजलंय का? मी सांगितलं, तो चांगला माणूस आहे, आमच्या घरात कुणी मुंगी मारत नाही.

"ते मी विचारलं नाही," म्हणाली.

पन्नाशीला आलो. शाळांच्या फरश्या पुसून या देशात घर केलं. माझ्या भावाच्या मनात काय आहे हे मला ही बाई फोनवर विचारणार!

२ मार्च २०२५, रविवार

बुधवारी बोर्डासमोर हिअरिंग. मागे बसून ऐकायची परवानगी मी डिसेंबरातच अर्ज करून मिळवली आहे.

आज मी ड्राइव्हवे शोव्हल करत होतो, तिथे गौरांगी आली. म्हणाली, "दादा, बुधवारी तुम्ही नाही आलात तर बरं होईल."

का, म्हणून विचारलं.

"तुमच्यासमोर तो बोलत नाही. तुमचं ऐकतो फक्त."

म्हटलं, माझ्यासमोरच वाढला तो. तिने माझ्या हातातलं फावडं घेतलं आणि उरलेला बर्फ स्वतः काढला. माझी बायको सुनंदासुद्धा तिच्याच बाजूची. त्या नवरा-बायकोच्या अख्ख्या वर्षाचा प्रश्न आहे म्हणते, तुम्ही घरी बसा. घरातल्या थोरल्याने घरी बसायचं! आणि पोराने तिथे एकट्याने उभं राहायचं!

जाणार.

५ मार्च, बुधवार

नाकारला.

बोर्डाचे दोघे टेबलापलीकडे. मला देवेशची पाठ दिसत होती. दोन खुर्च्या सोडून नर्सचा नवरा. त्याने कागद वाचला. रोज संध्याकाळी अजून तिच्यासाठी पोर्चचा दिवा लावतो, म्हणाला. मला त्याच्याकडे बघवलं नाही.

मग बोर्डाच्या बाईंनी देवेशला विचारलं, त्या संध्याकाळी नेमकं काय झालं, तुमच्या शब्दांत सांगा. तो बोलायला लागला आणि थांबला. मान थोडी वळवली, मला त्याचा कान दिसला. मग इंग्रजीत म्हणाला — तिची वेळ भरली होती, मी निमित्त झालो.

मला भरून आलं. शब्द न् शब्द जपला होता.

नवरा उठून बाहेर गेला.

वीस मिनिटांत निर्णय. जबाबदारी घेत नाही, म्हणून पॅरोल नाही! वर्षभर भोगलं त्याने, ती जबाबदारी नाही? ज्या विश्वासावर आम्ही सकाळी उठतो तो यांच्या कागदावर 'रिस्क'? यांना माणूस रडलेला हवा, देवावर भार टाकलेला चालत नाही.

परतताना तीन तास गौरांगी खिडकीबाहेर बघत होती.

९ मार्च

अपील करता येतं. आठ पानं लिहिली. श्रद्धेचा अपमान केलात, असं स्पष्ट लिहिलं. पाकीट बंद केलं, स्टॅम्प लावला. वर्षानंतर आज जपात मन लागलं.

१२ मार्च, बुधवार

श्रावणीच्या पर्पल गोलाचा दिवस. देवेशचा फोन आला. अपिलाचं सांगितलं तर म्हणाला, पाठवू नकोस.

का?

"दादा, मी व्हिडिओ बघत होतो. क्रिकेटचा. चार मिनिटं. ब्रेकला पायसुद्धा लागला नाही." मग म्हणाला, हे बोर्डासमोर सांगायचा सहा महिने सराव केला होता. गौरांगीला सगळं माहीत आहे.

मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस?



"तू मागे बसला होतास."