भच्या डोक्यावरची गुंडी

४ मार्च, मंगळवार
ऑफिसात दवाखान्याच्या नव्या पाट्यांचं डिझाइन करतेय. सगळ्यांवरून शिरोरेघ उडवली! अक्षरं कशी मोकळी झाली. सरांनी लांबून बघितलं, "झकास" म्हणाले. "घालायला कोणीही शिकतं, तू काढायला शिक."
ते गेल्यावर भच्या डोक्यावरची गुंडीही काढली. उगाच लुडबुड करत होती. हे सरांना दाखवायचं राहिलं. एवढ्याशा गुंडीसाठी काय दाखवायचं!

६ मार्च, गुरुवार
पेंटरकाका आले होते. तीस वर्षं सरांच्या पाट्या हाताने रंगवताहेत. त्यांना टाइप केलेला मजकूर चालत नाही, ही त्यांची एक खोडच. "लिहून नको पोरी, काढून दे. पाटीच्या मापात." दिला काढून. बराच वेळ बघत उभे.
"वरची रेघ राहिली का गं?"
म्हटलं, मुद्दाम काढलीय.
"रेघ नसली की अक्षर लोंबकळतं."
माझं डोकं सटकलं. "काका, आहे तस्संच रंगवा. स्वतःचं डोकं चालवू नका."
"बरं," म्हणाले आणि कागद गुंडाळून घेऊन गेले.
बाबांच्या वयाचे आहेत. इतकं फाडकन बोलायला नको होतं.

१३ मार्च
पाट्या लागल्या. सुंदर!

१४ मार्च, शुक्रवार
मेले मी.
मोठ्या दारावरची पाटी आहे "रुग्ण भरती". वर रेघ नाही, भच्या डोक्यावर गुंडी नाही — भचा झाला म. येणारा-जाणारा वाचतोय: रुग्ण मरती!
फोटो सगळ्यांच्या फोनवर फिरतोय. दादाला जेवताना ठसका लागेपर्यंत हसू आलं. "खरं बोलणारा पहिला दवाखाना!" पाटी माझी आहे हे त्याला माहीत नाही. मीही हसले.
एक म्हातारी बाई म्हणे त्या दारातून आत जाईना. लेकाने हाताला धरलं, तरी नाही. धाप लागलेली, आणि तासभर पायरीवर बसून राहिली. शेवटी मागच्या दाराने नेली. बरी आहे. पण तो तास...
सरांनी विचारलं, "पेंटरला काय काढून दिलं होतंस?"
"'भ'च होता, सर. काकांकडून बिघडला असेल."
असेल! खोटंसुद्धा पुरतं बोलायची हिंमत नाही. मग जागेवर जाऊन फाइल उघडली आणि गुंडी परत लावली. हे करताना मात्र हात जराही कापला नाही.

१५ मार्च, शनिवार
सरांनी काकांना बोलावलं. मी स्क्रीनकडे बघत नुसता माउस फिरवत होते.
"पेंटर, अक्षर बिघडलं तुमचं. वय झालं आता. हात राहिला नाही."
वाटलं, आता काका तो कागद काढतील आणि माझ्यापुढे आपटतील. ते आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले.
"असेल, साहेब."
बस्स, एवढंच. माझाच "असेल"! सर म्हणाले, पुढच्या पाट्या आता मशीनवर कापून घ्यायच्या.

१७ मार्च
नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. अंगणाला निदान पोट तरी नसतं. मी जिवंत माणूस वाकडा ठरवला.

२१ मार्च, शुक्रवार
आई म्हणाली, "काय गं, काय झालंय?"
"मी काय केलंय?" — ओरडलेच तिच्यावर.
"मी कुठे काय म्हटलं? चोराच्या मनात चांदणं!"
ती सहज बोलली. मी ताट तसंच टाकून उठले.

२७ मार्च
बसथांब्यांच्या पाट्यांचं नवीन काम. आता प्रत्येक शब्द लांबून बघते, तिरका धरून बघते, आईला चष्मा काढून वाचायला लावते. घ की ध? भ की म? दोन जागी चुकली ती. म्हणजे मीच चुकले होते. दुरुस्त केलं. सर म्हणाले, "नजर तयार होतेय तुझी."
ज्याच्या पोटावर पाय देऊन ही नजर तयार झाली तो घरी बसलाय. कौतुक अगदी अंगावर आलं.

२ एप्रिल, बुधवार
सरांना सांगितलं, फाइलचंसुद्धा. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. नुसता चष्मा पुसत बसले.
"कागद त्याच्याकडेच होता ना? मग तो गप्प का बसला?"
मला वाचवायला, सर — म्हटलं आणि रडूच फुटलं.
"उद्या जा. पाय धर त्याचे. कामावर बोलावलंय म्हणून सांग. दवाखान्याशी मी बोलतो."
मला काढलं नाही. काढलं असतं तर जरा हलकं वाटलं असतं.
काका इतके मोठ्या मनाचे, आणि मी त्यांना डोकं चालवू नका म्हणाले!

३ एप्रिल, गुरुवार
काकांकडे गेले. ब्रश सगळे वाटून टाकलेत. भिंतीला पानंच्या पानं चिकटवलेली, त्यांवर पेन्सिलीने ओढलेल्या आडव्या-उभ्या रेघा. काकू म्हणाल्या, रोज सकाळी हात तपासतात.
मी तोंड उघडायच्या आत त्यांनी माझा तो कागद जमिनीवर पसरला. शेजारी पाटीचा फोटो ठेवला. त्या दोन्हींवर वाकले.
"बरी आलीस पोरी. साहेबांना बोलू नकोस हं, पण मला वाचता येत नाही. तीन आठवडे होत आले, शोधतोय. एवढं दाखव — हात कुठे हलला माझा?"