मेन स्विचवरचा पहारा

जवाहर नगर, जयपूर
शुक्रवार, १३ फेब्रुवारी २००९

आदरणीय गौतमीताईस,

सप्रेम जयभीम. तुझा गुडघा आणि तुझी सूनबाई, दोघांपैकी सध्या जास्त त्रास कोण देतंय ते कळव. आम्ही मजेत. प्रतिमाची तब्येत उत्तम, माझीही. फक्त अब्रूला जरा कणकण आहे. (ई-मेलच केला असता, पण त्या मार्गावर सध्या माझा विश्वास नाही.)

झालं असं, की बिनतारी इंटरनेटच्या कुलपात म्हणे भोक सापडलंय आणि त्यातून कोणीही परका आत शिरतो, असं पेपरात आलं. उपाय काय, तर नेटच्या डब्यात (त्याला राउटर म्हणतात) कंपनीचं नवं सॉफ्टवेअर भरायचं आणि पासवर्ड बदलायचा. पंचवीस वर्षं रेल्वेचे सिग्नल सांभाळणाऱ्याला यात काय अवघड? इशारा एकच होता: मध्येच वीज गेली तर डबा कायमचा गेला. म्हणून गिझर बंद, मिक्सर बंद, आणि मी लॅपटॉप मांडीवर घेऊन मेन स्विचखाली स्टुलावर पहाऱ्याला. प्रतिमा बिचारी खलबत्त्यात चटणी कुटत होती. म्हणाली, "अहो, डबा एकदा बघून तरी या." मी म्हटलं, "तांत्रिक बाबीत तू बोलू नकोस." (हातात बत्ता असलेल्या बायकोला हे सुनावणारा माणूस तुझा भाऊ आहे, याचा अभिमान बाळग.) पंधरा मिनिटांत काम फत्ते! नवा पासवर्ड घातला आणि डब्याला शाबासकी द्यायला गेलो, तर त्याचा प्लग काढलेला. तिथे डासांचं मशीन. नोव्हेंबरातल्या रंगकामापासून!

इतक्यात भिंतीपलीकडून मुरलीधरजी (शेजारी, हेडमास्तर निवृत्त झाले, आवाज अजून नोकरीत आहे) गरजले, "रणजीतजी, मेरा डब्बा किसी ने हैक कर लिया!"

ताई, दोन्ही घरांत एकाच माणसाने एकाच दिवशी सारखेच डबे बसवलेले. नाव तेच, पासवर्डही तोच. तीन महिने मी त्यांचंच नेट वापरत होतो आणि आता त्यांनाच बाहेर ठेवून कुलूप ठोकलं. पासवर्ड सांगावा तर मी चोर, न सांगावा तर महाचोर. वर ते म्हणतात, "आप तो सिग्नलवाले हैं, चोर आप ही पकड़ो." रविवारी इथल्याच सोडाला भागातून त्यांचे कम्प्युटरवाले साडू येणार आहेत, आणि मला प्याज-कचोरीसह आमंत्रण आहे.

बाकी सर्व ठीक.

तुझा धाकटा,
रणजीत

ता. क. : खरं काम हे, की रविवारी सकाळी नऊला फोन कर, गुडघा एकाएकी बिघडला म्हण आणि मला तातडीने अकोल्याला बोलाव. जरा मोठ्याने कण्ह. भिंतीपलीकडे ऐकू जायला हवं.

ता. क. दुसरा (रविवार संध्याकाळ) : पत्र टाकायचंच राहिलं, तेव्हा फोन न केल्याबद्दल तुला माफ केलंय. दुसरी कचोरी वाढताना मुरलीधरजी साडूंसमोरच हळूच म्हणाले, "तीन महीने से मेरे डब्बे से जुड़े लैपटॉप की लिस्ट में आप ही का नाम आ रहा था. सोचा, पड़ोसी हैं, क्या टोकना. अब पासवर्ड दे दीजिए." दिला. जयपुरात कोणाच्या बापाला सुचणार नाही म्हणून मी तुझं लहानपणचं नाव घातलं होतं : ढब्बूताई. ते त्यांनी लगेच साडूंना, वरच्या भाडेकरूंना आणि दूधवाल्या भैयालाही सांगून टाकलं. मे महिन्यात येशील तेव्हा कॉलनीत तुझी ओळख करून द्यावी लागणार नाही. सगळे अगदी आदराने 'ढब्बूताईजी' म्हणतात.